‘गेला’ म्हणायचं नाही

आमच्या भूमकडं ‘मेल्या’ ही शिवी नाही, हाक आहे. धाकट्या भावाला मेल्या, रिक्षावाल्याला मेल्या, ऐन घाईत ट्रॉलीचं चाक अडकवणाऱ्या वॉर्डबॉयला तर मेल्याच. नर्सिंग शिकले, सिस्टर इनचार्ज झाले, पण तोंडातला मेल्या काही निघाला नाही. त्यामुळं सर आमच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात इमर्जन्सी आणि आयसीयूचे प्रमुख म्हणून हजर झाले, त्या पहिल्याच सकाळी मी जिन्यात कुणावर तरी ओरडत होते, ‘अरे मेल्या, डोळे फुटले का तुझे? सरळ धर की!’

मागून एक उंच, पडक्या खांद्याचा माणूस येत होता. ॲप्रन चुरगळलेला, खिसे शेंगदाण्यांनी फुगलेले. तो थांबला, दोन शेंगदाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, ‘सिस्टर, जित्या माणसाला दिवसभर मेल्या म्हणता. मग खरंच मेला की त्याला गेला का म्हणता?’

मी गार. सकाळी सकाळी असलं अभद्र बोलणारा हा कोण उपटला? चौकशी केली तर कळलं, हेच आपले नवे साहेब. म्हटलं, कपाळ माझं!

आल्या आल्या त्यांनी पहिला हुकूम काढला. आपल्या विभागात ‘गेला’ हा शब्द बोलायचा नाही. गेला, गेली, गेले, एकही नाही. पेशंट वॉर्डात गेला नाही, वॉर्डात हलवला. डॉक्टर चहाला गेले नाहीत, चहा पीत आहेत. आमच्याकडं उन्हाळ्यात लाईटचा कसा लपंडाव असतो ते सांगायला नको, पण ‘लाईट गेली’ म्हणायचीसुद्धा चोरी. ‘अंधार झाला’ म्हणायचं. एकदा भर दुपारी लाईट गेली आणि नवी शिकाऊ डॉक्टरीण लख्ख उन्हात उभी राहून ओरडली, ‘सर, अंधार झाला!’ बाहेरचे नातेवाईक आभाळाकडं बघायला लागले.

शब्द तोंडातून सुटला तर शिक्षा होती. उठायचं, बाहेर व्हरांड्यात नातेवाइकांच्या घोळक्यात जाऊन बसायचं आणि आजार सोडून दुसरं काहीही बोलायचं. कुठलं गाव, घरी कोण, म्हशीला कोण बघतंय. पोरं परीक्षेला भ्यायची नाहीत एवढी ह्याला भ्यायची. मीही कितीदा बसले. आधी रागानं बसायची, मग बोलता बोलता कुणाची तरी चुलत जाऊ आमच्या भूमची निघायची आणि मला उठवत नसे.

हे सगळं चालून गेलं असतं. पण मरणाची बातमी सांगायची त्यांची तऱ्हा पहिल्यांदा बघितली, तेव्हा माझ्या हातातला ट्रे पडता पडता राहिला.

तामलवाडीचा एक म्हातारा होता, ट्रॅक्टरवरून पडलेला. सगळे उपाय झाले, हाती लागला नाही. बाहेर त्याचे दोन मुलगे उभे. एरवी डॉक्टर काय करतात? दारात उभं राहून मान हलवतात, ‘सॉरी, गेले’ म्हणतात आणि वळतात. सर बाहेर आले ते सरळ फरशीवर मांडी घालून बसले. दोघांना खाली बसवलं. थोरल्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, ‘तुमचे वडील मेले. आम्ही सगळं केलं, तरी मेले.’

मेले! बापाला? पोराच्या तोंडावर? थोरल्यानं हात सोडवला आणि सरांची कॉलर धरली. मी ‘अरे अरे’ करत धावले. सर हलले नाहीत. मान तेवढी खाली घातली. काही वेळानं तोच थोरला त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हंबरडा फोडून रडला, आणि सर तिथंच बसून राहिले.

मला राग आवरेना. आत आल्यावर म्हटलं, ‘सर, हे काय बोलणं झालं? मेलं जनावराला म्हणतात. निदान वारले तरी म्हणा!’

‘वारले कागदावर लिहा. रडणाऱ्या माणसाला कागदाची भाषा कळत नाही.’

‘मग गेले म्हणा. सगळं जग म्हणतं.’

‘गेला म्हटलं की माणूस दाराकडं बघतो, सिस्टर,’ ते म्हणाले. ‘मी बघितलंय.’ आणि शेंगदाणे चघळत पुढच्या खाटेकडं वळले.

विक्षिप्त म्हणावं तरी किती! व्हेंटिलेटरला ते जावई म्हणायचे. रुसला की सगळं घर उभं राहतं, म्हणून. राउंडला आले की पहिला प्रश्न, ‘जावयाचं काय म्हणणं?’ दमले की खुर्ची असूनही भिंतीला टेकून फरशीवर बसायचे आणि तिथूनच औषधं सांगायचे. शुद्ध नसलेल्या पेशंटच्या कानाशी वाकून त्याला गावच्या बातम्या द्यायचे. ‘अहो पाटील, तुमच्याकडं काल शिडकावा झाला म्हणं.’ पाटील लाकडासारखे पडलेले. आणि बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचा असला, की आम्ही सगळे खाटेपासून लांब होईपर्यंतच्या तेवढ्या वेळात म्हणायचे, ‘माफ करा, बापू.’ बाई असली तर ‘माफ करा, आई.’ मग बटण. शॉक पेशंटला, पण हादरा दरवेळी मला बसायचा.

अणदूरची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र हा माणूस कळायचा नाही.

अणदूरला खंडोबाच्या देवळासमोर भंडारा-खोबरं विकणारा एक गृहस्थ. झोपेत मण्यार चावली. ह्या सापाचं विष असं वंगाळ की माणूस जिवंतपणी मढं होतो. पापणी हलत नाही, बोट हलत नाही, श्वास थांबतो. त्याचा पुतण्या, चांगला बाप्या माणूस, सकाळी त्याला जीपमध्ये घालून घेऊन आला तेव्हा चुलता निळा पडला होता. खाली इमर्जन्सीत सरांनी नळी घातली, सापाचं औषध सुरू केलं आणि पेशंटला आयसीयूत हलवलं. आमचं आयसीयू दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद, म्हणून पेशंट स्ट्रेचरवर उचलून जिन्यानं न्यायचा. पुतण्या तेवढ्यात मोबाईल चार्जिंगला लावायला बाहेरच्या टपरीवर होता. परत आला तर खाट रिकामी.

दारात वॉचमन बसलेला. पुतण्यानं विचारलं, ‘मामा, हितला पेशंट कुठं हाय?’

‘त्यो व्हय?’ वॉचमन म्हणाला. ‘वर गेला की मघाशीच.’

खोटं काय बोलला तो? वर गेला म्हणजे वर गेला, जिना चढून! सरांचा नियम आम्हाला होता, वॉचमनला कुणी सांगितला होता? पण पुतण्यानं चुलत्याला निळा पडलेला डोळ्यानं बघितलं होतं. त्याला दुसरा अर्थ सुचेलच कसा? तो मटकन खाली बसला, मग उठून टपरीवाल्याच्या फोनवरून गावाला कळवलं आणि तयारीसाठी गावाकडं निघून गेला.

आम्हाला वर पत्ता नाही. दुपार व्हायला आली, सरांना विचारायचं होतं की साप चावून किती वेळ झाला होता, तर बाहेर नातेवाईकच नाहीत. पुतण्याचा मोबाईल बंद. केसपेपरवर शेजाऱ्याचा नंबर होता, तो सरांनी लावला. स्पीकरवर बायकांच्या रडण्याचा कल्लोळ ऐकू आला.

‘दवाखान्यातनं व्हय?’ एका पुरुषाचा आवाज. ‘सायब, माती सांजच्याला धरलीय. बॉडी कवा देताव?’

सरांनी फोन उचलून तोंडाशी धरला. मग ओरडले, ‘अहो, कसली माती? जिवंत आहे तो!’

पलीकडं बायका रडतच होत्या. मग तोच आवाज, अगदी समजुतीनं, ‘सायब, तुमी मोठी मानसं. पर आमची समजूत घालू नगा. मरान काय आमाला नवीन न्हाय.’ आणि फोन बंद.

मी म्हटलं, थांबा, व्हिडिओ कॉल करते, दाखवते त्यांना. लावला. तोंडात नळी, डोळे सुकू नयेत म्हणून त्यांवर लावलेल्या पट्ट्या, अंग लाकूड. मी मोबाईल त्याच्यावर धरला मात्र, पलीकडून एकच आकांत उठला. ‘डोळं बी झाकलं गं बाईऽ!’ कुणीतरी किंचाळलं.  चांगलं करायला आले आणि होतं ते बिघडवून बसले.

सरांनी ॲप्रन काढला. पेशंट हाताखालच्या रजिस्ट्रार डॉक्टर मॅडमच्या हवाली केला, काय काय बघायचं ते सांगितलं आणि मला म्हणाले, ‘चला.’

‘कुठं निघालाव?’ घाबरले की माझी शुद्ध भाषा पळते. ‘सर, डिपार्टमेंट टाकून?’

‘इथं जावई श्वास देतोय, मॅडम आहेत, औषध आपलं काम करतंय. तिथं कोणी नाही, सिस्टर. त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडतील.’

अँब्युलन्सनं तुळजापूर मागं टाकलं, नळदुर्गाकडचा रस्ता लागला. तोवर सरांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला नाही. अणदूरला त्या घरासमोर पोचलो तर दारात माणसं बसलेली, तिरडी बांधून झालेली, मडकं आणलेलं. आतून दगडावर काच फुटल्याचा आवाज आला. सर चपलांसकट आत घुसले, बायकांची गर्दी हातानं बाजूला सारत. ‘मेला नाही!’ ओरडत होते. ‘मेला नाही! मेला नाही!’

तिच्या डाव्या हाताच्या बांगड्या फुटल्या होत्या. उजवा हात एका म्हातारीनं दगडावर धरलेला. कपाळ पुसून झालेलं. सर त्या काचांवरच बसले आणि तो उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. 

‘मालक जिवंत आहेत तुमचे.’

तिनं त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यांत काही म्हणजे काही नव्हतं. ‘मग वर गेलं म्हनले ते?’

‘गेले होते. जिन्यानं. वरच्या मजल्यावर.’

‘जिन्यानं?’

शब्द घरभर फिरला. मग बाहेर कुणीतरी ‘जिन्यानं’ म्हणून हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला. तिरडी बांधणारा दारात येऊन विचारतो, ‘सायब, मग ह्या बांबूचं काय करायचं?’ सर म्हणाले, ‘दोडक्याच्या वेलाला लावा.’

बाईला आम्ही अँब्युलन्समधून सोबत आणलं. एक हात भरलेला, एक रिकामा. सर तिला खाटेपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, ‘बोला त्यांच्याशी, ऐकतात ते.’ मला हे खूळ वाटायचं, खरं सांगते. ती वाकली आणि कानात म्हणाली, ‘अवो, उठा की. समदं गाव मातीला जमलंय. किती लाज आणलाव तुमी मला.’ आणि त्या मेलेल्यागत पडलेल्या माणसाच्या पट्टीखालून पाण्याची धार लागली. मी तोंडावर हात ठेवला. सर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, ‘ऐकतो माणूस.’

पुढं बरा झाला तो. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘म्या समदं ऐकत हुतो. ट्रॉलीवाला म्हनला, चला, ह्याला वर न्यायचंय. म्या म्हनलं, खंडेराया, झालं आता!’ अजून रविवारी कुणाच्या तरी हाती भंडारा-खोबरं धाडतो. ज्या दिवशी येईल त्या दिवशी आमच्या सगळ्यांची कपाळं पिवळी.

त्यानंतर सर डीनकडं गेले आणि आयसीयू तळमजल्यावर आणायची मागणी केली. डीननी विचारलं, कारण काय? सर म्हणाले, ‘मराठी भाषा.’ डीन चष्मा काढून बघत राहिले. ते काही झालं नाही. मग सरांनी ‘वर’ शब्दही बंद केला आणि आयसीयूला माडी म्हणायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या काकूंना सांगितलं, तुमचे मालक माडीवर आहेत. काकूंनी पदर तोंडाला लावला. ‘अगं बया, ह्या वयात?’ माडीही बंद झाली, आणि तेव्हापासून आम्ही ‘दुसऱ्या मजल्यावर हलवला’ म्हणतो.

सरांनी लग्न केलं नव्हतं. हॉस्पिटलच्या मागं क्वार्टरमध्ये ते आणि त्यांची म्हातारी आई. त्या घराचं दार कधी लागलेलं मी बघितलं नाही. ऊन असो, वारा असो, दार सताड. सर कुरकुरायचे, ‘आमच्या आईला दार लावणं माहीतच नाही. कुत्री स्वयंपाकघरात येऊन बसतात.’ एकदा संक्रांतीचा तिळगूळ द्यायला मी तिकडं होते. खरंच एक कुत्रं चुलीपाशी अंग चोरून बसलेलं. म्हटलं, ‘आई, दार लावत जावा की.’

आई उंबऱ्यापाशी तूर निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘ह्याचे वडील येस्टीवर डायवर हुते. आजारी पडले, सोलापूरच्या दवाखान्यात ठिवले. यक दिस कंडक्टर निरोप घिऊन आला. म्हनला, वैनी, ते गेले. म्या म्हनलं, सुट्टी झाली, निघाले घरला. पुरन घातलं, बाई. हितं असंच उंबऱ्यात बसले, ह्यो बी तवा बारका, शेजारी बसलेला. यक येस्टी आली, दुसरी आली. दर गाडीला उठून बगायचं. मग टेंपो आला.’

तूर चाळत राहिल्या.  ‘तवापास्नं,’ त्या म्हणाल्या, ‘घरचं मानूस भायेर असलं की दार लावू वाटत न्हाय.’

गेला म्हटलं की माणूस दाराकडं बघतो. मी तिळगूळ तसाच हातात धरून उभी होते.

आता ते सांगायचं राहिलंय जे अजून खरं वाटत नाही. साधी सकाळ होती. राउंड चालू. सर एका पेशंटच्या कानाशी वाकून त्याला गावच्या जत्रेची बातमी देत होते. मग सरळ झाले, भिंतीकडं सरकले आणि फरशीवर बसले. कुणालाच काही वाटलं नाही. ते बसायचेच तसे! एक शिकाऊ पोरगा तर त्यांच्यासमोर उकिडवा बसून रिपोर्ट वाचायला लागला. मला दिसले ते शेंगदाणे. खिशातून सांडून फरशीभर पसरलेले. एक दाणा वाया घालवायचा नाही तो माणूस.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. त्यांच्याच खाटांपैकी एका खाटेवर त्यांना घेतलं, त्यांनीच शिकवलेल्या पोरांनी छाती दाबायला सुरुवात केली. रजिस्ट्रार मॅडमनी शॉकचे पॅडल हातात घेतले, आम्ही लांब झालो, आणि ती पोर रडत रडत म्हणाली, ‘माफ करा, सर.’ मग बटण दाबलं. किती वेळा दाबलं. दरवेळी आधी तेच म्हणत होती. मी त्यांच्या कानाशी वाकून बोलत होते, ‘सर, उठा. सर, आई एकट्या आहेत हो.’ ऐकतो माणूस, असं त्यांनीच दाखवलं होतं मला. पण ह्या वेळी डोळ्यांतून काही आलं नाही.

थांबलो.  तो शिकाऊ पोरगा भिंतीशी उभा राहून पुटपुटला, ‘सर गेले.’ आणि स्वतःच दचकला, जीभ चावली आणि बाहेर व्हरांड्यात नातेवाइकांच्या घोळक्यात जाऊन बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. आईंना सांगायचं कुणी, हे विचारायची गरज नव्हती. फोन करायचा प्रश्नच नव्हता. मी तशीच निघाले. हॉस्पिटलमागचा तो एवढासा रस्ता, पण सरेना. तोंडात एकच शब्द येत होता, गेले, गेले. तोच एक शब्द त्या बाईला सांगता येत नव्हता. आणि दुसरा? जन्मभर तोंडात खेळवलेला शब्द, भावाला म्हटलेला, रिक्षावाल्याला म्हटलेला. तो सरांना लावायचा म्हणजे जीभ झडेल असं वाटलं.

दार उघडंच होतं. आई उंबऱ्यापाशी बसल्या होत्या, पुढ्यात सूप.

‘आज लवकर सुटलीस व्हय?’ म्हणाल्या. ‘त्यो कुठाय?’

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. सूप बाजूला केलं. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. हात तुरीच्या धुळीनं खरखरीत झाले होते.

‘आई,’ मी म्हणाले. ‘सर मेले.’

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ‘आम्ही सगळं केलं, आई. तरी मेले.’

मग त्यांनी दाराकडं बघितलं. मेले म्हटलं तरी बघितलं. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, कुणी येत नव्हतं. बघत राहिल्या, बघत राहिल्या. माझे हात त्यांनी घट्ट आवळले होते. मी हलले नाही.

‘नीट सांगितलंस,’ शेवटी त्या म्हणाल्या. हात सोडवून घेतला, पदर डोक्यावर ओढला.

‘आता दार लाव, बाई.’

मी उठले आणि दार लावलं.